आखाजीचे एकतर्फी बोलावणे

गुरुवार, दिनांक १० एप्रिल २०२५ रोजी सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी, जळगावच्या पिंप्राळा भागातील माझ्या घरून, दोंडाईच्याला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीला मी इंटरनेटच्या फोनवरून पहिला कॉल लावला. तेव्हापासून २९ एप्रिलच्या दुपारपर्यंत आमच्या दोन घरांमध्ये असे सत्तेचाळीस कॉल झाले. सत्तेचाळीसही वेळा घंटी वाजली, सत्तेचाळीसही वेळा फोन उचलला गेला, सत्तेचाळीसही वेळा जळगावचा आवाज दोंडाईच्याला पोहोचला. आणि दोंडाईच्याचा आवाज जळगावला एकदाही पोहोचला नाही.

हे आकडे अंदाजाने दिलेले नाहीत. मी तंत्रनिकेतनाचा पदविकाधारक आहे आणि टेलिफोन खात्यात चौतीस वर्षे काढलेला माणूस आहे. कॉलची नोंद ठेवण्यासाठी मी लांब आकाराची वही आखली होती. रकाने सात. शेवटचा रकाना 'निष्कर्ष' हा होता आणि तो भरताना माझे अक्षर दिवसेंदिवस बारीक होत गेले, असे आमच्या सौभाग्यवती रूपाबाई यांचे निरीक्षण आहे.

प्रश्न केवळ फोनचा असता तर एवढे मनाला लावून घेतले नसते. प्रश्न आखाजीचा होता. आमच्या खान्देशात अक्षय्य तृतीयेला सासरच्या लेकी माहेरी येतात, आणि त्यांना आणायला भाऊ जातो. त्याला मुराळी म्हणतात. भाऊ विचारतो, "येतेस ना?" बहीण म्हणते, "नाही रे, कशाला?" तो पुन्हा विचारतो, ती पुन्हा नाही म्हणते. आमच्या घराण्यात हा नकार तीन वेळा देण्याची रीत आहे. चौथ्यांदा विचारले की बहीण "बघते" म्हणते आणि आदल्या दिवशीच भरून ठेवलेली पिशवी खाटेखालून बाहेर काढते. माझी बहीण भागाबाई, आम्हा सर्वांची अक्का, आता एकोणऐंशी वर्षांची आहे. एकावन्न वर्षे मी तिचा मुराळी होतो. गेल्या वर्षी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे जाता आले नाही आणि ती आली नाही. "भाऊच ऊना नही, मंग माहेर कसानं?" असे ती म्हणाल्याचे वर्षभर माझ्या कानावर येत राहिले. या वर्षीही ती आली नाही, तर पुढच्या वर्षाची खात्री कोणी द्यावी? माझा गुडघा नवा आहे; पण बाकीचा मी जुनाच आहे, आणि ती माझ्याहून सात वर्षांनी जुनी आहे.

सुरतेला असलेल्या तिच्या मुलाने, प्रेमराजने, तिच्या घरी फायबरची जोडणी घेऊन दिली होती. तिला जोडलेला फोन अगदी पूर्वीसारखा, रिसीव्हर उचलून बोलण्याचा. मोबाइल अक्का कानाला लावत नाही. त्याने कान तापतो असे तिचे म्हणणे. तेव्हा मीही तसाच फोन घेतला आणि या वर्षीचे बोलावणे त्यावरून करायचे ठरवले. एप्रिलमधील जळगावचे ऊन, गाडीतील गर्दी आणि गुडघा या तिन्ही बाबींचा विचार करता तो निर्णय शास्त्रशुद्ध होता.

"अहो, बहिणीला बोलवायचंय की ट्रंक कॉल बुक करायचाय?" रूपाने विचारले. "सरळ गाडीत बसा आणि घेऊन या."

"साधन हाताशी असताना प्रवास करणे हा अपव्यय आहे," मी म्हणालो. हे वाक्य मी वहीत लिहिले नाही. परंतु रूपाला ते पाठ आहे.

पहिल्या कॉलमध्ये शांतता ऐकू आली तेव्हा मी विचलित झालो नाही. अक्काच्या समोरच्या घरात गफूरभाई शिंपी राहतात. त्यांना मोबाइलवर विचारले, "अक्काला माझा आवाज आला का?"

"आया ना आबा! एकदम साफ. अक्का तर लई बोलल्या तुमच्याशी."

"मला काहीच ऐकू आले नाही."

"तौबा! एवढं बोलल्या, ते गेलं कुठं मग?"

हा प्रश्न गफूरभाईंनी सहज विचारला होता. पुढील एकोणीस दिवस मी त्याच प्रश्नात राहिलो.

येथे वाचकांसाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. जुन्या टेलिफोनमध्ये तारांची एक जोडी असे. घंटीही तिच्यावरून जाई आणि बोलणेही तिच्यावरूनच. जोडी शाबूत असेल तर दोघांना ऐकू येई, तुटली तर दोघांनाही येत नसे. त्या व्यवस्थेत एक न्याय होता. इंटरनेटच्या फोनमध्ये घंटी कंपनीच्या कार्यालयामार्फत जाते. पण आवाज घरून परस्पर घरी जातो, आणि जाण्याचा व येण्याचा मार्ग वेगळा असतो. फोन उचलताच दोन्ही यंत्रे एकमेकांना आपापला पत्ता कळवतात: माझा आवाज इथे आणून टाक, तुझा तिथे आणून टाकतो. कळवलेला पत्ता आणि प्रत्यक्ष पत्ता जुळला नाही, तर घंटी वाजते, माणूस उचलतो, बोलतो, रडतोही; आणि पलीकडचा "हॅलो, हॅलो" करत बसतो.

बिघाड अक्काच्या यंत्रात आहे, याबद्दल माझ्या मनात पहिल्या दिवसापासून शंका नव्हती. कारण माझे यंत्र मी स्वतः बसवले होते.

आमच्या कॉलनीत कोणाच्या घरी बिघाड झाला की ती सार्वजनिक मालमत्ता होते. शेजारचे हितेंद्र एका औषध कंपनीत विक्री अधिकारी आहेत. त्यांनी येऊन प्लग काढला, वीस अंक मोजले, प्लग लावला आणि "काका, आता बघा" म्हणाले. बघितले. काही नव्हते. त्यांनी चाळीस अंक मोजून तोच उपचार पुन्हा केला. वरच्या मजल्यावरील मोतीलालशेठ यांनी यंत्राचे तोंड दक्षिणेला असल्याकडे लक्ष वेधले. मी तंत्रनिकेतनात चुंबकत्व शिकलो आहे. त्या ज्ञानाच्या बळावर मी त्यांना नम्रपणे नकार दिला आणि ते गेल्यावर यंत्र उत्तरेला फिरवून कॉल लावला. वहीत नोंद आहे: कॉल क्रमांक नऊ. निष्कर्ष: फरक नाही.

कंपनीच्या तक्रार केंद्रात ध्वनिमुद्रित आवाज होता. तो मला स्पष्ट ऐकू येत असे, ही त्या दिवसांतील मोठी विटंबना. घंटी वाजत नसेल तर एक दाबा, वेग कमी असेल तर दोन दाबा, देयकाविषयी तीन दाबा. एका बाजूने ऐकू येते, पण दुसऱ्या बाजूने येत नाही, यासाठी बटण नव्हते. मी दोन दाबले. संध्याकाळी संदेश आला: "आपल्या वेगाची तक्रार निवारण झाली आहे." असे निवारण माझे एकूण सहा वेळा झाले.

मंगळवार, १५ एप्रिल. आखाजीला पंधरा दिवस उरले होते आणि बोलावणे लांबवणे योग्य नव्हते. मी निर्णय घेतला की एक दिशा चालू आहे, तेवढी वापरावी. सकाळी दहा वाजता गफूरभाईंना अक्काशेजारी बसायला सांगितले आणि बजावले, "गफूरभाई, कॉल संपल्यावर मी मोबाइलवर विचारीन तेवढ्याच प्रश्नाचे उत्तर द्या. जास्तीचे सांगू नका. त्याने नोंदीत गोंधळ होतो."

मग अक्काला कॉल लावला आणि स्वच्छ आवाजात म्हणालो, "अक्का, मी लीलाधर बोलतो. मला तुझे ऐकू येत नाही, तरी ऐकू येते का ते तपासतो आहे. वाचन पहिले. या आखाजीला येतेस ना? मी दहा अंक मोजतो, तेवढ्यात उत्तर दे."

दहा अंक मोजले. शांतता.

"ठीक आहे. पुढे जाऊ. वाचन दुसरे. आखाजीला येतेस ना?"

दहा अंक. शांतता.

"ठीक आहे. वाचन तिसरे. येतेस ना?"

दहा अंक.

"ठीक आहे. झाले," असे म्हणून मी रिसीव्हर ठेवला. प्रत्येक मोजमापाची तीन वाचने घ्यावीत, चौथे घेणारा स्वतःवर विश्वास ठेवत नाही, असे आमचे प्रयोगशाळेतील गुरुजी सांगत. मी ते आयुष्यभर पाळले आहे. त्यानंतर गफूरभाईंना विचारले, "अक्काला तिन्ही वेळा ऐकू आले का?"

"आलं आबा. पण—"

"एवढेच हवे होते," मी म्हणालो आणि नोंद केली: बोलावणे पोहोचले.

आता फक्त तिचे उत्तर येणे बाकी होते, म्हणजे दुरुस्ती बाकी होती. जळगावच्या कार्यालयात गेलो. तेथील गृहस्थांनी संगणकात पाहून सांगितले की माझा आवाज जातो आहे, म्हणजे जळगावची बाजू चालू आहे. दोंडाईचा धुळ्याच्या कार्यालयाकडे येते. म्हणून मंगळवार, २२ एप्रिल रोजी धुळ्याला गेलो. तेथे सारिका नावाच्या बाई बसल्या होत्या. त्यांनी मला पाणी दिले, पंखा माझ्याकडे वळवला; सौजन्यात काही उणीव नव्हती.

"आबा, दोंडाईच्याला घंटी वाजते?"

"वाजते."

"अक्कांना ऐकू येतं?"

"येते."

"मग आमची बाजू चालू आहे ना. ज्याला ऐकू येत नाही त्याने तक्रार करायची असते. ते तुम्ही. तुम्ही जळगावला."

"जळगावने इकडे पाठवले."

"मग त्यांच्याकडून तसं पत्र आणा, आबा."

जळगावच्या कागदावर निम्मा कॉल चालू होता आणि धुळ्याच्या कागदावर उरलेला निम्मा. दोन्ही निम्मे मिळून पूर्ण होतात, असा अंकगणिताचा नियम आहे. बंद होता तो केवळ माझा कान.

धुळ्याच्या बसस्थानकावर माझ्यासमोर दोंडाईच्याची बस उभी होती. वाहक ओरडत होता. त्या बसने दोन-अडीच तासांत मी अक्काच्या दारात असतो. परंतु माझ्याजवळ तपासणीची अवजारे नव्हती. अवजारांवाचून जाण्यात अर्थ नाही, असे मला वाटले आणि मी जळगावच्या बसमध्ये बसलो. हे मी रूपाला त्याच दिवशी सांगितले. तिने काही न बोलता ताट वाढले. आमच्या घरात हे सर्वांत कडक ताशेऱ्याचे स्वरूप आहे.

२९ एप्रिलला, आखाजीच्या आदल्या दिवशी, अखेरीस मी अवजारांची पेटी घेऊन पहाटेच्या गाडीने निघालो. रूपा दारापर्यंत आली.

"दोन तिकिटं काढा येताना."

"अर्थातच," मी म्हणालो.

अमळनेरपर्यंत उभा, पुढे पेटीवर बसून, साडेनवाला दोंडाईच्याला उतरलो. अक्का ओट्यावर बसली होती. नवे लुगडे नेसली होती. मी ते पाहिले. नोंद मात्र घेतली नाही. तिने पाणी दिले, गूळ दिला, माझ्या गुडघ्याकडे पाहिले, पेटीकडे पाहिले आणि विचारले,

"लीलू, तू माले लेवाले ऊना का फोनले देखाले ऊना?"

मला न्यायला आलास की फोन बघायला? बहात्तर वर्षांच्या माणसाला उत्तराआधी विचार करण्याची सवय असायला हवी. परंतु प्रश्न नेमका विचारला की नेमके उत्तर द्यायचे, हे माझ्या अंगात भिनलेले आहे. मी म्हणालो,

"फोन, अक्का."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. तो मला दोन्ही कानांनी ऐकू आला.

मी पेटी उघडली. तारा तपासल्या, जोड तपासले, यंत्र पालथे घातले. दोष सापडेना. मग अक्काच्या फोनवरून माझ्या घरी कॉल लावला, क्रमांक सत्तेचाळीस. रूपाने उचलला. तिचे "हॅलो, कोण? अहो, तुम्ही का?" मला लख्ख ऐकू आले. माझे तिला काही ऐकू गेले नाही. मी लॅपटॉपवर अक्काच्या यंत्राचे पान उघडले. तेथे लिहिले होते की हे यंत्र आपला आवाज नेमक्या कोणत्या पत्त्यावर पाठवत आहे. शेवटचा आकडा एकशे सत्तेचाळीस. गफूरभाईंच्या मोबाइलवरून हितेंद्र यांना माझ्या घरी धाडले आणि आमच्या जोडणीचा सध्याचा पत्ता वाचून दाखवायला सांगितले.

"काका, शेवटचा आकडा त्रेसष्ट."

"नीट वाचा."

"सहा आणि तीन, काका. त्रेसष्ट."

वाचकहो, बिघाड अक्काच्या घरी नव्हता. ९ एप्रिलला यंत्र बसवताना त्यात पत्ता आपोआप ओळखण्याची सोय होती. मी ती बंद केली होती. आपोआप होणाऱ्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. मी त्या वेळचा पत्ता पाहून, दोनदा पडताळून, स्वतःच्या हाताने भरला होता. आमच्या खात्यात एकदा दिलेला क्रमांक माणसाला मरेपर्यंत पुरत असे. इंटरनेट कंपनी मात्र वीज गेली की परत आल्यावर नवा पत्ता देते, आणि ९ तारखेच्या संध्याकाळी पिंप्राळ्यात वीज गेली होती. म्हणजे एकोणीस दिवस माझेच यंत्र अक्काच्या यंत्राला बजावून सांगत होते, की तुझा आवाज एकशे सत्तेचाळीसला आणून टाक. तिचे यंत्र तो इमानेइतबारे तेथे टाकत होते. माझ्या बहिणीचे सगळे बोलणे कोणा परक्याच्या दारावर जाऊन पडत होते, आणि तो त्याला ओळखतही नव्हता.

दुरुस्ती फक्त जळगावला होणार होती. घड्याळात दोन वाजले होते आणि गाडी अडीचची होती. मी पेटी आवरली. "अक्का, दोष सापडला!" असे आत ओरडून सांगितले. "घरी गेल्या गेल्या दुरुस्त करतो आणि तुला व्यवस्थित कॉल लावतो." ती दारात आली. तिच्या हातात काही नव्हते. खाटेखाली काय होते, ते मी वाकून पाहिले नाही. गुडघ्यामुळे वाकता येत नाही, हे एक, आणि घाई होती, हे दुसरे.

गफूरभाईंनी स्कूटरवर स्टेशनला सोडले. गाडी फलाटावर लागलेली होती. पेटी माझ्या हातात देताना ते म्हणाले, "आबा, आज तुम्ही काही विचारलं नाही, तरी बोलतो. नाराज होऊ नका."

"बोला."

"त्या दिवशी अक्का तीन दफा ना बोलल्या. लाडात बोलल्या, हसून बोलल्या. तुम्ही तिन्ही दफा 'ठीक आहे' बोलले. चौथी दफा विचारलंच नाही. फोन बंद झाला तरी अक्का कानाला धरून बसल्या होत्या. मीच हातातनं घेतला."

मी पेटी या हातातून त्या हातात घेतली.

"आत्ता चला ना परत. पाच मिनट. पिशवी भरलेली आहे, मी बघितली."

गाडीने शिटी दिली. येथे मी जे केले ते पूर्ण विचारांती केले, हे मला नमूद केले पाहिजे. माझ्या मनात आले, की चूक ज्या फोनवर झाली तेथेच ती दुरुस्त झाली पाहिजे. दोन्ही बाजू चालू असताना, तिचा एकेक नकार कानांनी ऐकून, चारही वेळा रीतसर आग्रह करीन. लगेच पहाटेच्या गाडीने येऊन दहाच्या परतीच्या गाडीने तिला नेईन. दुपारच्या जेवणाला ती पिंप्राळ्यात असेल. आराखडा निर्दोष होता.

"गाडी सुटेल, गफूरभाई," मी म्हणालो आणि चढलो. माझ्या खिशात एकच तिकीट होते.

घरी पोहोचताच मी चप्पल न काढता यंत्रासमोर बसलो. एका चौकटीतील खूण काढली, दुसऱ्या चौकटीत खूण केली. दुरुस्तीला चाळीस सेकंद लागले. रूपा माझ्यामागे उभी राहून रिकाम्या दाराकडे पाहत होती. ओसरीवर तिने आखाजीचा, माहेरवाशिणींचा झोका बांधून ठेवला होता. संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी मी कॉल क्रमांक अठ्ठेचाळीस लावला.

"कोन? लीलू का?"

एकोणीस दिवसांनी तिचा आवाज फोनमधून माझ्या कानात पडला. त्यात किंचित खरखर होती. पण ती यंत्राची नव्हती, वयाची होती.

"अक्का! ऐकू येतंय! मला ऐकू येतंय!"

"माले ते पहिलापासूनच ऐकू येस," ती म्हणाली.

मी घसा साफ केला. "अक्का, आखाजीला येतेस ना?"

"नही रे भाऊ."

"ये ना, अक्का. झोका बांधलाय."

"नही रे. कसाले?"

"रूपा खापरावरचे मांडे करते आहे. आमरस आहे. येच."

"नही, लीलू."

तीन झाले. मी श्वास घेतला. रूपाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अक्का," मी म्हणालो, "चौथ्यांदा विचारतो. मी पहाटे निघतो. तू ये."

मी सवयीने अंक मोजू लागलो. सहाव्या अंकाला ती बोलली.

"घागर आनी ठेवी शे मी. तू गया आनि कुंभारकडनी मांगाडी. त्यासना नावनी सकाय भरानी शे. मंग मी कशी येसू?"

आखाजीला पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. दिवंगत भाऊजींची, म्हणजे अक्काच्या यजमानांची, घागर दरवर्षी प्रेमराज सुरतेला भरतो, म्हणून अक्का मोकळी असते. या वर्षी मी अडीचच्या गाडीत बसल्यावर तिने स्वतःच्या घरात घागर आणवली. ती भरायची म्हणजे दिवसभर घरातल्या बाईने उंबरा ओलांडायचा नाही. पाचव्यांदा विचारण्याची रीत आमच्याकडे नाही.

"लीलू," थोड्या वेळाने ती म्हणाली, "तुना आवाज चांगला येस हां."

"तुझाही, अक्का."

त्यानंतर आम्ही दोघेही बराच वेळ काही बोललो नाही. दोन्ही बाजूंची शांतता दोन्ही बाजूंना व्यवस्थित पोहोचत होती.

वहीतील शेवटच्या दोन नोंदी अशा आहेत. मंगळवार, दिनांक २९ एप्रिल: कॉल क्रमांक अठ्ठेचाळीस, अवधी अकरा मिनिटे पाच सेकंद, दोन्ही दिशांचा आवाज पूर्ण, दोष शून्य. बुधवार, दिनांक ३० एप्रिल, दुपारी साडेबारा: वाढलेली पाने तीन, जेवलेली माणसे दोन.